चावडीवर वस्तीचा माणूस

चावडीपुढं निंबाचं झाड होतं. आमच्या माणसांनी त्याच्या मुळाशी बसायचं, असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जमीनजुमलावाली माणसं वर ओट्यावर घोंगडी अंथरून बसत, कामकरी माणसं पायरीच्या खाली, आणि त्याही पलीकडं निंबाखाली धनगरवस्तीची दोन-तीन माणसं. तिथं वरचं बोलणं ऐकू येई, पण आपण बोललेलं वर पोचत नसे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "आमाला हाक मारतेत ती दोनच कामाला. रानात खतासाठी मेंढरं बसवायची असली तर, न्हाईतर कुणाच्या पिकात मेंढरू शिरलं तर."

मी लग्न होऊन वस्तीवर आले तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. शिरड शहापूरच्या अलीकडं, गावापासून हाकेच्या अंतरावर आमची सात घरं होती. मेंढरं, थोड्या शेळ्या, आणि घरटी दोन-तीन एकर हलकं रान. निजामाचं राज्य होतं. कचेरीतला कागद उर्दूत, घरातलं बोलणं मराठीत आणि बाजारात दोन्हीची खिचडी, असं चालायचं. गावात मुसलमानाचं एकच घर होतं, पिंजाऱ्याचं. राज्य त्यांच्या धर्माचं, असं लोक म्हणत; पण त्या राज्यातलं काही त्यांच्या घरात आलेलं मी पाहिलं नाही. त्यांचं छप्पर पाचटाचं होतं आणि पावसाळ्यात आमच्यासारखंच गळायचं.

कातरलेली लोकर पिंजून आणायचं काम माझ्याकडं आलं. पिंजारी चाचा अंगणात धनुकली टांगून बसत. ताँय ताँय असा आवाज घुमे आणि लोकर ढगासारखी फुगत जाई. पिंजून होईपर्यंत दुपार जायची. तेवढा वेळ मी आत खालाजवळ बसे. खाला म्हणजे चाचांची बायको. तिचे वडील नांदेडकडं कुठं तरी मुलांना शिकवायचे. त्यांनी लेकीलाही लिहायला-वाचायला शिकवलं होतं. तिला दोन मुली होत्या. पांढऱ्या मातीनं सारवलेल्या पाटीवर ती त्यांना बोरूनं अक्षरं काढून द्यायची. मी बघत राही. एक दिवस ती म्हणाली, "देखती काय को? बैठ. हाथ को लगेगा क्या?"

मी बसले. अलिफ म्हणजे उभी काठी, ते मला लगेच कळलं. आमच्या घरात काठीवाचून कुणी बाहेर पडत नसे. बे म्हणजे मेंढरांना पाणी पाजायची दगडी कुंडी आणि तिच्याखाली सांडलेला एक थेंब. दोन-तीन वर्षांच्या लोकरीत मी अक्षराला अक्षर जोडायला शिकले. मराठी अक्षरं फार पुढं, माझ्या लेकराच्या पाटीवरून उचलली. घरी मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, ते आधीच माहीत होतं, हे मला नंतर कळलं.

एका उन्हाळ्याच्या आधी चावडीवर ठरलं की गायरानाचा खालचा भाग नांगरायचा. तो गावातल्या चार घरांनी वाटून घेतला आणि काट्यांची कुंपणं घातली. ओढ्याच्या डोहाकडं जाणारी आमची वाट त्याच भागातून होती. मामंजी निंबाखालून उभे राहिले आणि ओरडून म्हणाले, "पाटील, मेंढरानं पाण्याला कुठून जावं?"

ओट्यावरून कुणी तरी उत्तर दिलं, "वरून वळसा घाला की."

वरचा वळसा दोन कोसांचा होता. मोठी मेंढरं जात, पण कोकरांचे पाय टिकत नसत. चैत्रात आमची आठ कोकरं गेली, शेजारच्यांची त्याहून जास्त. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एका दुपारी कुऱ्हाड उचलली आणि कुंपण तोडायला निघाले. मामंजींनी कुऱ्हाडीचा दांडा धरला. फार जोरात धरला नसावा, पण ह्यांनी सोडून दिला.

"आज तोडशील," मामंजी म्हणाले. "उद्या ते आपल्याला गावातच येऊ देणार न्हाईत. आपण सात घरं हाव."

"मंग काय करावं? बसून ऱ्हावं?"

"बसायचं न्हाई. खांदायचं."

वस्तीच्या मागं उरलेल्या गायरानाच्या कडेला एक सखल जागा होती. तिथलं गवत सगळ्यांत उशिरा वाळायचं. मामंजींनी तिथं कुदळ मारली. सातही घरांतला जो तो आला. पुरुष खणायचे, आम्ही बायका टोपल्यांनी माती वर काढायचो. सकाळी मेंढरं सुटायच्या आधी आणि संध्याकाळी परत आल्यावर. चौथ्या दिवशी पिंजारी चाचा आपला टिकाव घेऊन आले. कुणी बोलावलं नव्हतं. मामंजी म्हणाले, "तुमचं काम बुडंल."

"काम कुठं बुडतं," चाचा म्हणाले. "मेरे घर को भी तो पानी उपर सेच लाना पडता." गावच्या आडावर त्यांच्या बायकोला कायम शेवटी पाणी मिळायचं, ते आम्हाला ठाऊक होतं.

मुरूम संपला आणि काळा खडक लागला. सुरुंग कुठून आणणार? म्हाताऱ्यांनी सांगितलं तसं खडकावर लाकडं पेटवली, खडक तापला की वरून पाणी ओतलं. हेच पाणी आम्ही दोन कोसांवरून डोक्यावर आणत होतो. आत्याबाई घागर ओतताना दर वेळी पुटपुटायच्या. खडक तडकायचा, मग पहारीनं खपल्या काढायच्या. असं महिनाभर चाललं. एक दिवस न्याहारीच्या वेळी खाली उतरलेल्या ह्यांनी हाक मारली, तीही नीट नाही, नुसता आवाज. आम्ही वाकून पाहिलं तर एका चिरेतून पाणी पाझरत होतं आणि ते तळहात भिंतीला लावून उभे होते. पहिला तांब्या वर आला तो मामंजींनी आत्याबाईंना दिला. घोट घेऊन त्या म्हणाल्या, "गढूळ हाय. पण ग्वाड हाय."

विहिरीला पाणी लागल्याचं गावात दुसऱ्या दिवशी कळलं. आठवड्याच्या आत चावडीवरून निरोप आला की विहीर गायरानात आहे, म्हणजे गावाची आहे. आधी गावची जनावरं पाणी पितील, उरलं तर वस्तीची. हे ठरलं तेव्हा आमच्यातलं कुणी निंबाखालीसुद्धा नव्हतं. त्या दिवशी बोलावणंच आलं नव्हतं.

मामंजींना राग आलेला मी तेव्हा पाहिला. ते ओरडले नाहीत. जेवण न करता मेंढरांच्या वाड्यात जाऊन बसले. मग दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल. तुझ्या त्या खालाकडं."

खालानं तालुक्याच्या कचेरीला दरखास्त, म्हणजे अर्ज, लिहायला कागद मांडला. ती आत, पडद्याच्या आड, मामंजी अंगणात, आणि मी उंबऱ्यावर. मामंजी सांगत होते: कुंपण, कोकरं, खडक, पाणी. ती लिहिता लिहिता थांबली आणि मला म्हणाली, "पूछ उनको. पानी मांगनेका लिखूं, के बोलनेका?"

मला नीट कळलं नाही. मामंजींना कळलं. चाचांच्या धनुकलीचा आवाज थांबला होता.

"दोन्ही लिव्हा," ते म्हणाले. "पाणी पयलं लिव्हा. आन् मंग लिव्हा की पाण्याचं आन् चराईचं ठरवताना आमचा येक माणूस तिथं बसलेला पायजे. मागं उभा न्हाई. बसलेला."

तालुक्याच्या कचेरीतून बोलावणं यायला पावसाळा उलटला. कागद वाचायला कुणी तरी बरोबर हवं होतं. खाला येणं शक्य नव्हतं; तिनं सांगितलं, "बहू को ले जाव. धीरे पढती, मगर पढती." ह्यांना ते फारसं आवडलं नाही. सून कचेरीत कशाला, असं म्हणाले. आत्याबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मंग तू वाच."

कचेरीचा व्हरांडा माणसांनी भरलेला होता. आमचं नाव पुकारलं. कारकुनानं एक कागद पुढं सरकवला आणि शाईची डबी उघडली. "अंगठा द्या. तुम्ही हजर होता एवढंच लिहिलंय."

मामंजींनी अंगठा पुढं केला आणि माझ्याकडं पाहिलं. मी पदर पुढं ओढला, वाकले आणि ओळीवर बोट ठेवलं. खालाचं अक्षर मोकळं असे. हे दाटीनं लिहिलेलं होतं. एक-दोन शब्द जुळले. कुवां, म्हणजे विहीर. मग एक मोठा शब्द आला, तो मला माहीत नव्हता. मी लेकरासारखा तुकड्यातुकड्यानं मोठ्यानं वाचला. "दस्त... बर... दार."

कारकून म्हणाला, "काय चाललंय बाई? वेळ नाही."

पण भिंतीला टेकून बसलेला एक दाढीवाला म्हातारा, आपली पाळी येण्याची वाट बघत असलेला, तो हसला. "दस्तबरदार? अरे भाई, हक छोड दिया करके लिखेला है. विहिरीवरचा हक सोडला म्हणतो कागद."

मामंजींनी अंगठा मागं घेतला. त्यांनी तो मुठीत धरला, जणू कुणी ओढून नेईल. "आमी हक सोडला न्हाई," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आमी मागायला आलो हाव."

व्हरांड्यातली माणसं बघायला लागली. कारकुनानं कागद उचलला, उलटापालटा केला आणि म्हणाला की चुकून दुसराच आला. आत जाऊन त्यानं दुसरा कागद आणला. तो मी पुरा वाचला, एकेक अक्षर, आणि त्यात खरोखर हजेरीच होती. पहिला कागद चुकून आला होता की कुणी आणवला होता, ते मला आजही सांगता येणार नाही. मामंजींनी अंगठा दिला. बाहेर आल्यावर त्यांनी मला भेळभत्ता घेऊन दिला. सासऱ्यानं सुनेला बाजारात खायला घेऊन देणं आमच्यात नव्हतं. मी पाठमोरी होऊन खाल्ला.

हिवाळ्यात शिवार बघायला गिरदावर साहेब, म्हणजे शेतसाऱ्याचे तपासनीस, दौऱ्यावर आले. त्यांनी विहीर पाहिली, काठावर रचलेला खडकाचा ढीग पाहिला. "ये किसने निकाला?" त्यांनी विचारलं. सात घरांतली सगळी माणसं, लेकरांसकट, पुढं सरकली. मग चावडीवर बसून साहेबांनी सांगितलं की विहिरीचं पाणी आधी वस्तीचं. खालच्या रानातून मेंढरांना वाट द्यायची. आणि पाण्याचं, चराईचं बोलणं निघेल तेव्हा वस्तीचा एक माणूस ओट्यावर बसेल. पाटलांनी मान डोलावली. पाटील वाईट माणूस नव्हते. आजवर त्यांना कुणी ओट्यावर बसून विचारलं नव्हतं, इतकंच.

पहिल्यांदा मामंजी ओट्यावर बसले ते अगदी कडेला, एक पाय खाली सोडून. घरी आले तेव्हा पाठ आखडली होती. "काय बोल्ला?" आत्याबाईंनी विचारलं.

"काईच न्हाई," ते म्हणाले. "आज नुसतं बसून पायलं."

पुढं ते बोलायला लागले. कधी त्यांचं ऐकलं जाई, कधी नाही. वाट तीन मेंढरं शेजारी-शेजारी जातील एवढीच मिळाली. त्यांनी पाच जातील एवढी मागितली होती. पण एक झालं. दर चावडीनंतर ते वस्तीवर येत आणि कोण काय म्हणालं ते सगळ्यांना सांगत, स्वतःचं चुकलेलंसुद्धा. ह्याच वर्षांत वस्तीनं आपला मागही उभा केला. आधी आम्ही घरापुरती पिंजून बाकीची लोकर कच्चीच देऊन टाकायचो; आता सगळी चाचा पिंजायचे, आम्ही बायका कातायचो, चिंचोक्याची खळ लावून घोंगड्या विणायचो आणि कळमनुरीच्या बाजारात आमची माणसं स्वतः नेऊन विकायची.

मग ते वर्ष आलं. निजामाच्या बाजूची, बंदुका घेतलेली, वर्दीतली माणसं मुलखातून फिरायला लागली. आसपासच्या गावांतली माणसं सामान बांधून विदर्भाच्या हद्दीकडं जात होती. आम्हाला मेंढरं सोडून जाता येत नव्हतं. एकदा ती माणसं आमच्या गावात शिरली, पाटलांच्या घरातलं धान्य नेलं आणि दोघांना बेदम मारहाण केली. चाचांनी त्यांच्यापुढं हात जोडले होते, हे मी स्वतः पाहिलं. पण गावातल्या काहींनी एवढंच पाहिलं की चाचा त्यांच्याशी बोलत होते.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत सगळं फिरलं. गावानं गुलाल उधळला. आम्हीही उधळला. त्याच्या दुसऱ्या दिवशी खाला मुलींना घेऊन आमच्या दाराशी आली. आत्याबाईंनी तिला आत घेतलं आणि दाराशी कुत्रं बांधलं. चाचा आपल्या घरीच राहिले होते, लोकर सोडून जाणार नाही म्हणून. ती आमची लोकर होती.

दुपारी चावडी भरली. मामंजींना तेव्हा दम्यानं चालवत नव्हतं, म्हणून त्यांना धरून मी गेले आणि भिंतीच्या कडेला उभी राहिले. बाहेरगावचे चार-दोन तापलेले तरुणही येऊन बसले होते. त्यांचं म्हणणं, पिंजाऱ्यानं आजच्या आज गाव सोडावं; घर गावानं घ्यावं. ओट्यावरचे काहीजण माना डोलवत होते, काही खाली बघत होते. ज्यांच्या घरात मार बसला होता त्यांतला एक रडत होता. त्याचं दुःख खोटं नव्हतं.

मामंजींनी हात वर केला. एक जण म्हणाला, "हे पाण्याचं बोलणं न्हाई, म्हातारबा. चराईचंबी न्हाई."

"व्हय," मामंजी म्हणाले आणि श्वास घ्यायला थांबले. "तरीबी इचारतो. ज्याचं ठरवून राहिले, तो कुठं हाय?"

त्यांनी ओट्यावरच्या एकेकाकडं पाहिलं.

"आमची ईर गावाची करून टाकली तवा आमाला बलवलं नव्हतं. लई लागलं होतं आमाला ते. पाण्यापरीस ते जास्ती लागलं. त्याला बलवा. समोर बसवा. मंग काय म्हणायचं ते त्याच्या तोंडावर म्हणा. त्यानं बंदुकवाल्याला घर दावलं असंल तर मीच त्याला येशीभाईर नेऊन सोडतो."

तरुण उठून काही बोलायला लागले. पाटलांनी त्यांना बसवलं. पाटलांच्या घरातलंच धान्य गेलं होतं, म्हणून त्यांचं त्या दिवशी वजन होतं. "बलवा," ते म्हणाले.

चाचा आले. केसांना लोकरीचे तंतू चिकटलेले. ते निंबाखाली थांबायला लागले, तर मामंजी कडेला सरकले आणि ओट्यावर हातानं थोपटलं. चाचा वर आले, पण बसले नाहीत. विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की हात जोडून आपण काय म्हणालो: लहान लेकरं आहेत, गावाला हात लावू नका. "मेरी किसीने सुनी नहीं," ते म्हणाले. "उन्होंने भी नहीं." मार खाल्लेल्या दोघांतला जो तेव्हा शुद्धीवर राहिला होता, तो पायरीवरून हळू म्हणाला, "व्हय. ह्ये मधी पडले व्हते. ह्यांनाबी धक्का मारला." हे त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

चाचांचं घर राहिलं. पण सगळं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. खाला आणि मुली महिनाभर आमच्याकडं राहिल्या. धाकटी दारात अनोळखी माणूस दिसला की कणगीमागं जाऊन बसायची. थोरलीला खालाच्या भावानं हैद्राबादेला नेलं. ती परत आली नाही. काही घरांनी चाचांकडं कापूस पिंजायला देणं बंद केलं ते केलंच. आमची लोकर होती, म्हणून त्यांची चूल चालली.

थंडी सुरू झाली तशी मामंजींचा दमा वाढला. एका सकाळी उन्हात त्यांनी वस्तीला बोलावलं आणि म्हणाले, आता माझ्यानं चावडीवर जाववत नाही, दुसरा माणूस ठरवा. सगळ्यांनी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनीही मान खाली घालून तयारी दाखवली. मामंजी म्हणाले, "माझा लेक हाय म्हणून न्हाई. ती जागा आपल्या घराची न्हाई. समद्यांनी बोला."

सगळे बोलले. तासभर तरी चाललं. शेवटी वस्तीनं दोन घरं सोडून राहणारा एक माणूस निवडला. तो पायानं अधू होता. मेंढरांमागं जाता येत नसे, म्हणून दिवसभर गावातच सुतळी वळत बसायचा. कुणाच्या घरात काय चाललंय ते त्याला बरोबर ठाऊक असायचं, आणि बोलायचा मोजकं. ह्यांचा चेहरा उतरला. त्या दिवशी जेवताना मी विचारलं, "वाईट वाटलं का?"

"वाटलं," ते म्हणाले. भाकरी मोडत पुढं म्हणाले, "तो माझ्यापरीस बरा बोलंल."

पुढच्या चावडीला तो काठी टेकत गेला. परत आला तेव्हा सगळी वस्ती त्याच्याभोवती जमली. ओढ्याच्या डोहातला गाळ रानात टाकायला कुणी किती न्यायचा, ते ठरलं होतं. त्यानं वस्तीसाठी निम्मा मागितला होता आणि निम्मा मिळालाही होता. मामंजी बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होते. "निम्मा?" ते म्हणाले. "मी पाव मागितला असता." मग हसायला लागले, हसता हसता खोकला आला, आणि आत्याबाईंनी पाठ चोळत त्यांना गप्प बसायला सांगितलं.